चेहऱ्यावरील प्रगत त्वचोपचारांचे नियोजन

चेहऱ्यावरील प्रगत त्वचोपचारांचे नियोजन म्हणजे केमिकल पील, मायक्रोनीडलिंग, लेझर यांसारखे उपचार कोणत्या व्यक्तीस, कोणत्या क्रमाने, किती तीव्रतेने व किती अंतराने द्यावेत, तसेच कोणास ते मुळीच देऊ नयेत, हे आधी ठरविण्याची पद्धत होय. साध्या फेशियलमधील स्वच्छता, वाफ, मालीश व लेप यांचा परिणाम बहुतांशी त्वचेच्या पृष्ठभागापुरताच राहतो. प्रगत उपचारांत मात्र त्वचेला मोजूनमापून इजा केली जाते आणि ती भरून येताना नवी त्वचा घडते. इजा भरून येण्याची रीत प्रत्येक त्वचेत वेगळी असल्यामुळे एका चेहऱ्यास उजळविणारा उपचार दुसऱ्या चेहऱ्यावर महिनोन्‌महिने न जाणारे डाग उमटवू शकतो. गव्हाळ व सावळ्या त्वचेत हा धोका अधिक असतो. म्हणून भारतात या नियोजनाला विशेष महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

चेहऱ्याचे विकार व त्यांवरील लेप यांचा विचार भारतात जुना आहे. सुश्रुतसंहितेत क्षुद्ररोगांच्या वर्णनात व्यंग, न्यच्छ व मुखदूषिका यांचा उल्लेख येतो. मुखदूषिका म्हणजे तारुण्यपीटिका; तर गालांवर व कपाळावर उमटणाऱ्या काळसर डागांना मराठीत रूढ असलेल्या ‘वांग’ या शब्दाचे नाते ‘व्यंग’ या संस्कृत शब्दाशी जोडले जाते.

आधुनिक केमिकल पीलचा पाया जर्मन त्वचारोगतज्ज्ञ पाउल गेर्सोन उन्ना यांनी घातला. त्यांनी १८८२ मध्ये सॅलिसिलिक आम्ल, रेसॉर्सिनॉल, फिनॉल व ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल यांच्या त्वचेवरील परिणामांचे वर्णन केले. पुढे १९७४ मध्ये यूजीन व्हॅन स्कॉट व रुई यू यांनी अल्फा हायड्रॉक्सी आम्लांवरील संशोधन प्रसिद्ध केले. उसात आढळणारे ग्लायकॉलिक आम्ल, आंबलेल्या दुधातील लॅक्टिक आम्ल व कडू बदामाशी संबंधित मँडेलिक आम्ल ही याच गटातील होत. हे संशोधन मुळात त्वचा खवल्यांसारखी होणाऱ्या विकारासंबंधी होते. सौंदर्योपचारांत त्याचा उपयोग नंतर होऊ लागला.

तक्रारीचे मूळ शोधणे

नियोजनाची सुरुवात उपचाराच्या निवडीने होत नाही, तर तक्रारीचे कारण शोधण्याने होते. ‘चेहरा काळवंडला’ या एकाच वाक्यामागे अनेक भिन्न कारणे असू शकतात. गालांवर दोन्ही बाजूंना सारखे डाग असतील तर वांग संभवतो. केवळ कपाळावर, कुंकू वा टिकली लावण्याच्या जागी काळसरपणा असेल तर त्यातील रंगद्रव्यांची अ‍ॅलर्जी असू शकते. उलट टिकलीच्या गोंदातील काही रसायनांमुळे तेथे पांढरा डागही पडतो. केसांच्या कडेने व कानांपुढे पसरलेला करडा-काळा रंग केसांच्या कलपाशी किंवा सुवासिक तेलांशी निगडित असू शकतो. कपाळाच्या कडा, कानशिले व मान यांवरील मखमलीसारखी जाडसर, काळी त्वचा ही उन्हाने रापलेली त्वचा नसते. शरीरातील इन्सुलिनचे कार्य नीट होत नसल्याची ती अनेकदा खूण असते, आणि तेथे पीलपेक्षा रक्ततपासणी अधिक उपयोगाची ठरते. त्याचप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या हनुवटीवर व जबड्याच्या रेषेवर वारंवार मुरूम उठत असतील, जोडीला पाळी अनियमित असेल व चेहऱ्यावर लव वाढली असेल, तर अंतःस्रावी ग्रंथींच्या दोषाचा विचार करावा लागतो.

मूळ कारण चालू असताना केलेले पील काही आठवड्यांपुरते उजळपण देते आणि डाग परततात. त्यामुळे चांगल्या पूर्वतपासणीत प्रश्न पुष्कळ असतात. पूर्वी लावलेली व सध्या चालू असलेली सर्व मलमे, पोटात घेतली जाणारी औषधे, गर्भारपण, उन्हातील काम, स्वयंपाकघरातील उष्णतेशी येणारा संबंध, जखम बरी होताना गाठ होण्याची प्रवृत्ती, ओठांच्या कडेला वारंवार फोड येण्याचा इतिहास, अशी ही यादी असते. मलमांविषयी विचारताना ‘औषध लावता का’ या प्रश्नाचे उत्तर बहुधा नकारार्थीच येते, कारण गोरेपणासाठी लावलेले मलम कोणी औषध समजत नाही. म्हणून नळ्या प्रत्यक्ष आणावयास सांगणे हा अधिक खात्रीचा मार्ग मानला जातो.

वांगाची खोली जोखण्यासाठी वूड्‌स लॅम्प हा अतिनील किरणांचा दिवा वापरतात. रंगद्रव्य वरच्या थरात असल्यास डाग या प्रकाशात अधिक ठळक दिसतो; खोलवर असल्यास फरक पडत नाही. फार सावळ्या त्वचेत मात्र ही कसोटी फारशी उपयोगी पडत नाही.

त्वचेचा वर्णप्रकार

अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये मांडलेली वर्णप्रकारांची पद्धत आजही नियोजनाचा आधार आहे. ऊन लागल्यावर त्वचा भाजते की रापते, यावरून हे प्रकार ठरतात. प्रकाशोपचारात अतिनील किरणांची मात्रा ठरविणे हा तिचा मूळ हेतू होता, आणि आरंभी ती केवळ गोऱ्या त्वचेपुरतीच होती. पाचवा व सहावा हे सावळ्या व काळ्या त्वचेचे प्रकार तीत नंतर जोडले गेले. भारतीयांची त्वचा प्रामुख्याने चौथ्या व पाचव्या प्रकारांत मोडते.

या प्रकारांत रंगपेशींची संख्या गोऱ्या त्वचेइतकीच असते, परंतु त्या अधिक क्रियाशील असतात. भाजणे, घासणे, मुरूम फोडणे वा तीव्र आम्ल लावणे अशा कोणत्याही दाहाला त्या जादा रंगद्रव्य निर्माण करून उत्तर देतात. यास दाहोत्तर कृष्णता म्हणतात. गोऱ्या त्वचेत दाहानंतर लालसरपणा काही काळ राहतो व जातो; गव्हाळ त्वचेत काळा डाग मागे राहतो. युरोप-अमेरिकेतील उत्पादकांनी सुचविलेली आम्लाची तीव्रता व वेळ भारतीय त्वचेवर जशीच्या तशी वापरता येत नाही, याचे कारण हेच होय.

आम्लांची निवड

पीलची खोली आम्लाचा प्रकार, त्याची तीव्रता, आम्लता, त्वचेवर राहण्याचा वेळ, थरांची संख्या व त्वचेची पूर्वतयारी या सर्वांवर अवलंबून असते. बाटलीवरील टक्केवारी एवढ्यावरून ती कळत नाही.

ग्लायकॉलिक आम्लाचा रेणू आपल्या गटात सर्वांत लहान असल्याने ते झपाट्याने आत शिरते. ठरलेली मिनिटे संपताच पाण्याने किंवा सोडियम बायकार्बोनेटच्या द्रावणाने त्याचा परिणाम थांबवावा लागतो. हा क्षण चुकल्यास त्वचा भाजते. मँडेलिक आम्लाचा रेणू मोठा असल्याने ते सावकाश व सारखे झिरपते, म्हणून नाजूक किंवा अधिक सावळ्या त्वचेसाठी त्याला पसंती दिली जाते. सॅलिसिलिक आम्ल तेलात विरघळत असल्यामुळे तेलग्रंथींच्या छिद्रांत उतरते. ते २० ते ३० टक्के तीव्रतेत वापरतात. द्रावक उडून गेल्यावर मागे पांढरा थर उरतो व आम्लाचे शिरणे आपोआप मंदावते. ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्ल त्वचेतील प्रथिने गोठविते. त्याने येणारी पांढरी झाक प्रथिनांची असते, सॅलिसिलिक आम्लाची ती निव्वळ स्फटिकांची असते. दोन्ही पांढरेपणांत गल्लत करणे धोक्याचे आहे. जेस्नर द्रावणात रेसॉर्सिनॉल, सॅलिसिलिक आम्ल व लॅक्टिक आम्ल ही तिन्ही प्रत्येकी १४ टक्के असतात. फिनॉलचे खोल पील हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवू शकते व सावळ्या त्वचेचा रंग कायमचा बदलू शकते. भारतीय त्वचेसाठी ते टाळले जाते.

तक्रारीनुसार नियोजन

मुरूम: मुरूम चालू असताना सॅलिसिलिक आम्लाचे वरवरचे पील दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने केले जाते. ते औषधाला पूरक असते, पर्याय नव्हे. पू झालेल्या मुरमांवर घासणारे स्क्रब, जोराची मालीश व मायक्रोनीडलिंग वर्ज्य असते. खोल, दुखऱ्या गाठींचे मुरूम खड्डे पाडतात व त्यांवर लवकर औषधोपचार करणे आवश्यक असते. अशा व्यक्तीस फेशियलच्या बैठकांत गुंतवून ठेवण्यात जो वेळ जातो, त्याची किंमत व्रणांच्या रूपाने चेहऱ्यास मोजावी लागते.

वांग: सर्व तक्रारींत नियोजनाची खरी कसोटी वांगात लागते. गर्भारपण, गर्भनिरोधक गोळ्या, आनुवंशिकता व सूर्यप्रकाश ही त्याची प्रमुख कारणे मानली जातात. वांग बरा होण्यापेक्षा आटोक्यात राहतो, हे उपचारापूर्वीच सांगणे आवश्यक असते. पहिली पायरी सनस्क्रीनची. दृश्य प्रकाशानेही वांग वाढत असल्यामुळे लोह ऑक्साइड असलेले रंगीत सनस्क्रीन अधिक उपयुक्त ठरते. त्यानंतर लावण्याची औषधे येतात. अल्बर्ट क्लिगमन यांनी १९७५ मध्ये मांडलेल्या सूत्रात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन व डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड यांचा संयोग होता, आणि पुढील अनेक मिश्रणे त्यावरच आधारलेली आहेत. ही मिश्रणे मर्यादित काळासाठी व डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वापरावयाची असतात. पील तिसऱ्या पायरीवर, तेही सौम्य. लेझर व तीव्र प्रकाशाचे उपचार सर्वांत शेवटी, कारण उष्णतेने वांग उफाळण्याची शक्यता असते. व्यवहारात हा क्रम पुष्कळदा नेमका उलटा पाळला जातो.

मुरमांचे व्रण: सपाट काळे डाग आणि खड्डे यांत भेद करावा लागतो. डाग रंगाचे असतात व काळाने फिकटतात; खड्डे आतील तंतूंच्या नाशाने पडतात व वरवरच्या पीलने भरत नाहीत. त्यांसाठी मायक्रोनीडलिंग, खड्ड्याखालील तंतू सुईने मोकळे करणे किंवा अरुंद खड्ड्यांत तीव्र ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लाचा थेंबभर वापर अशा पद्धती आहेत. नवे मुरूम येणे थांबल्यावरच हे उपचार सुरू करतात.

सुरकुत्या व ऊनवार्धक्य: रेटिनॉइड व सनस्क्रीन यांचा नियमित वापर हाच येथेही पाया असतो. गव्हाळ त्वचेत वार्धक्याची खूण सुरकुत्यांपेक्षा आधी असमान रंगाच्या रूपाने दिसते.

नाजूक त्वचा: सतत झोंबणारी, लाल होणारी त्वचा बहुधा अतिरेकी उपचारांनी थकलेली असते. सर्व आम्ले थांबवून केवळ सौम्य क्लिंझर, मॉइश्चरायझर व सनस्क्रीन ठेवणे, एवढेच तिच्या बाबतीत काही आठवड्यांचे नियोजन असते.

पूर्वतयारी व कालगणना

पीलपूर्वी दोन ते चार आठवडे त्वचेची पूर्वतयारी केली जाते. या काळात रेटिनॉइड, सौम्य ग्लायकॉलिक आम्ल किंवा रंगद्रव्य रोखणारी मलमे लावतात व पीलच्या काही दिवस आधी रेटिनॉइड थांबवितात. त्यामुळे आम्ल सारखे झिरपते व डाग पडण्याची शक्यता घटते. शिवाय सनस्क्रीन लावण्याची शिस्त त्या व्यक्तीकडून पाळली जाते की नाही, हेही याच काळात उघड होते. न पाळणाऱ्यास पील न करणेच इष्ट. कानामागे अल्प जागेवर चाचणी घेण्याचीही प्रथा आहे.

त्वचेचा बाह्य थर नवा होण्यास तरुणपणी सुमारे चार आठवडे लागतात व वयानुसार हा काळ वाढतो. बैठकांमधील अंतर त्यावर बेतलेले असते. महाराष्ट्रात या गणिताची सर्वाधिक ओढाताण लग्नसराईत होते. विवाहास आठ-दहा दिवस उरले असता प्रथमच पील करून घेण्याची मागणी केली जाते. तेव्हा ती नाकारणे हाच योग्य निर्णय ठरतो. साले निघणे, लाली व क्वचित उमटणारे डाग यांना तेवढा अवधी पुरत नाही, आणि नुकत्याच सोललेल्या त्वचेला हळदीचा विधी व जड मेकअप सोसवत नाही. मालिका तीन-चार महिने आधी सुरू करून शेवटची बैठक मुहूर्ताच्या किमान तीन-चार आठवडे आधी संपविणे सोयीचे असते. मे महिन्यातील मुहूर्तांसाठी उन्हाचा विचार वेगळा करावा लागतो.

निषेध

उघडी जखम, चालू संसर्ग, उन्हाने भाजलेली त्वचा व अवास्तव अपेक्षा असता पील केले जात नाही. गर्भारपणात सॅलिसिलिक आम्लाचे पील, रेटिनॉइड व हायड्रोक्विनोन टाळतात. ओठांवरील हर्पीसचा इतिहास असल्यास मध्यम वा खोल पीलपूर्वी विषाणुरोधक औषध दिले जाते. आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्यांनंतर सहा महिने थांबण्याचा जुना संकेत होता. २०१७ मध्ये अमेरिकन तज्ज्ञांनी पुराव्यांचा आढावा घेऊन वरवरच्या पीलसाठी इतके थांबण्यास पुरेसा आधार नसल्याचे मत दिले. यंत्राने त्वचा खरवडणे व संपूर्ण थर काढणारे लेझर यांबाबत मात्र सावधगिरी कायम आहे.

भारतातील स्थिती

भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या कृतिदलाने तयार केलेली केमिकल पीलसंबंधी मार्गदर्शक तत्त्वे २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये सौंदर्योपचारांचा अभ्यासक्रम चालतो, परंतु तो वैद्यकीय शिक्षणाची जागा घेत नाही. रोगनिदान, चिठ्ठीवरची औषधे, मध्यम व खोल पील आणि लेझर हे डॉक्टरांचे क्षेत्र. स्वच्छता, सौम्य निगा व संशयास्पद लक्षण दिसताच योग्य ठिकाणी पाठविणे हे पार्लरमधील प्रशिक्षित व्यक्तीचे. हे दुसरे काम दुय्यम नाही, कारण अनेक स्त्रिया डॉक्टरांपूर्वी पार्लरमध्येच चेहरा दाखवितात.

नियोजनातील सर्वांत मोठा अडथळा स्टेरॉइडयुक्त मलमांचा गैरवापर हा आहे. शेजारणीने, मैत्रिणीने किंवा औषध-दुकानदाराने सुचविलेले मलम आरंभी चेहरा झपाट्याने उजळविते. नंतर त्वचा पातळ होते, रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरूम व लव वाढते, आणि मलम थांबविताच चेहरा लाल होऊन जळजळतो. त्यामुळे ते पुन्हा लावले जाते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने या प्रश्नावर स्वतंत्र कृतिदल नेमले, आणि २०१८ मध्ये केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमांची डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विक्री करण्यास प्रतिबंध केला. तरीही अशी मलमे सहज मिळत असल्याचे दिसते. स्टेरॉइडने पातळ झालेल्या त्वचेत सौम्य आम्लही अपेक्षेपेक्षा खोल उतरते. म्हणून अशा चेहऱ्यावर प्रथम मलम वैद्यकीय सल्ल्याने थांबविले जाते, भडका शमविला जातो आणि त्वचेचा संरक्षक थर पूर्ववत होईपर्यंत, म्हणजे बहुधा काही महिने, पील व लेझर दोन्ही लांबणीवर टाकले जातात.