गांजा-कमिशनचे कागद व व्यसनाची गणती

(१) अमुक एका प्रदेशांत मादक पदार्थांचें सेवन किती लोक करितात, हा प्रश्न वरवर पाहतां वैद्यकाचा किंवा अबकारीचा दिसतो; वस्तुतः तो साधनपरीक्षेचा प्रश्न आहे. इ. स. १८९३-९४ मधील भांग, गांजा व चरस यांविषयींच्या कमिशनचें दप्तर या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. मार्च १८९३ त ब्रिटिश पार्लमेंटांत या पदार्थांविषयीं प्रश्न निघाला व त्यावरून हिंदुस्थान सरकारनें जुलै महिन्यांत हें कमिशन नेमिलें. अध्यक्ष मॅकवर्थ यंग हे होते; ताहिरपूरचे राजा शशिशेखरेश्वर राय, कुंवर हरनामसिंग अहलुवालिया व लाला निहालचंद हे तिघे एतद्देशीय सभासद होते. एकंदर १,१९३ साक्षीदारांचा पुरावा घेण्यांत येऊन इ. स. १८९४ त अहवाल व पुरावा सात खंडांत सिद्ध झाला.

(२) साक्षीदारांकडे सत्तर प्रश्नांची यादी पाठविलेली होती. गांजा व चरस कोणत्या वर्गांतील लोक ओढितात आणि त्यांचें प्रमाण काय, असाहि एक प्रश्न तींत आहे. त्याचें उत्तर देणारा अधिकारी आपल्या कचेरींत, बाजारांत व दौऱ्यावर जें दिसलें त्यावरून लाखों लोकांविषयीं अनुमान करी. म्हणजे ही गणती नव्हे, अजमास होय. दुसरें साधन अबकारीच्या विक्रीचे आंकडे. परवान्यानें विकलेल्या मालाचें वजन पक्कें असतें. पण त्यास दर माणशीं सेवनानें भागिलें म्हणजे माणसें निघतात, हें खरें नव्हे. हिमालयाच्या पायथ्याशीं भांगेचें झाड रानोमाळ उगवतें; तेथील सेवनाची नोंद दुकानाच्या वहींत कोठून येणार? अहमदनगर जिल्ह्यासारख्या ठिकाणीं गांजा पेरून होत असे. तेथें वही अधिक विश्वसनीय खरी, परंतु चोरटा माल तींतूनहि निसटणारच.

(३) कमिशनचें खरें महत्त्वाचें काम तिसऱ्या साधनाविषयींचें आहे. वेड्यांच्या इस्पितळांच्या वार्षिक कोष्टकांत 'वेडाचें कारण' असा रकाना असे व त्यांत गांज्याचें नांव वर्षानुवर्षें येत असे. हेंच आंकडे गांज्यानें वेड लागतें याचा पुरावा म्हणून पुढें केले जात. कमिशननें इ. स. १८९२ सालच्या रुग्णांपैकीं ज्या २२२ जणांच्या नांवापुढें हें कारण लिहिलेलें होतें, त्यांचा एकेक करून मूळापर्यंत शोध घेतला. तेव्हां असें दिसून आलें कीं, रुग्णासोबत येणारें वर्णनपत्र बहुधा पोलिसांच्या चौकशीवरून भरलेलें असे. कारण ठाऊक नाहीं असें लिहिणें वरिष्ठांस रुचत नसे. आणि मनुष्य गांजा ओढी इतकें कळलें कीं रकाना भरून निघे. तेंच कारण इस्पितळाच्या वहींत, वहींतून कोष्टकांत, व कोष्टकांतून छापील अहवालांत उतरे. शोधाअंतीं २२२ पैकीं ९८ च प्रकरणें टिकलीं. त्यांपैकीं ६१ मध्यें हेंच एक कारण मानलें गेलें व बाकीच्यांत इतर कारणेंहि मिसळलेलीं होतीं.

हस्तलिखितांच्या अभ्यासकांस यांतील तत्त्व नवें नाहीं. एकाच अशुद्ध पोथीवरून दहा नकला उतरल्या तर दहा साक्षी होत नाहींत. एकच चूक दहा वेळां लिहिली जाते. येथें फरक इतकाच कीं, चुकीच्या पाठाखालीं जिवंत माणसांचीं नांवें होतीं.

(४) मर्यादित सेवनापासून बहुधा अपाय होत नाहीं, संपूर्ण बंदी आवश्यक नाहीं, कर व परवाना यांनीं नियंत्रण ठेवावें, असा बहुमताचा निर्णय झाला. राजा शशिशेखरेश्वर राय व लाला निहालचंद यांनीं भिन्नमतपत्रिका जोडिल्या. कागद तेच असतां निष्कर्ष निराळे निघाले, हें विसरतां कामा नये.

(५) पुढील काळांत घरोघर जाऊन विचारण्याची पद्धति आली. इ. स. २०००-०१ च्या पाहणींत १२ ते ६० वर्षांच्या ४०,६९७ पुरुषांस विचारण्यांत आलें. स्त्रिया तींत नव्हत्या. इ. स. २०१८ च्या पाहणींत १८६ जिल्ह्यांतील २,००,१११ घरें व ४,७३,५६९ माणसें घेतलीं गेलीं, आणि १० ते ७५ वर्षांच्या लोकांत भांग, गांजा व चरस मिळून २.८ टक्के सेवन आढळलें. त्यांत भांग सुमारें २ टक्के, गांजा व चरस १.२ टक्के. व्यसनी मनुष्य घरीं सांपडतोच असें नाहीं, म्हणून एका व्यसनी माणसाकडून दुसऱ्याचा माग काढून आणखी ७२,६४२ जणांची स्वतंत्र चौकशी झाली. तरीहि विचारणारा कोण, हा जुना प्रश्न उरतोच. इ. स. १८९३ त गांजा परवान्याच्या दुकानीं मिळत असे; इ. स. १९८५ च्या कायद्यानें गांजा व चरस निषिद्ध झाले, नुसत्या पानांची भांग त्यांतून वगळली गेली. म्हणून दोन्ही काळांच्या उत्तरांत लाज असेल. दुसऱ्यांत भयहि आहे. भांगेचें व गांज्याचें उत्तर एकाच तराजूंत तोलणें म्हणूनच धोक्याचें.

(६) यावरून आमचें सांगणें इतकेंच कीं, छापील बेरीज हातीं आल्यावर मूळ फर्द निरुपयोगी समजूं नये. जिल्ह्यांच्या व इस्पितळांच्या जुन्या दप्तरांत अशीं वर्णनपत्रें कोणास आढळल्यास तीं रद्दींत जाऊं देऊं नयेत. १२४ माणसांच्या नांवापुढील कारण टिकलें नाहीं, हें कळलें तें मूळ कागद उरले होते म्हणून.