कॉस्प्लेसाठी कृत्रिम भाग बनवताना त्वचेची काळजी

कॉमिक कॉनसारख्या मेळाव्यांसाठी टोकदार कान, शिंगे, खोटे व्रण घरीच बनवून अंगावर चिकटवले जातात. त्यातला खरा धोका साचा घेताना, चिकटवताना आणि काढताना असतो.

साचा कशाने घ्यावा?

दंतवैद्य दातांचे माप घेतात ते अल्जिनेट त्वचेवर लावायला योग्य. ते तापत नाही. नाकपुड्या मात्र मोकळ्या ठेवा आणि सोबत कुणीतरी असू द्या.

प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट होताना तापते. मोडलेल्या हाडाचे प्लास्टर पातळ थरांचे असते, त्यामुळे उष्णता निघून जाते. पण भांडेभर प्लास्टरमध्ये हात बुडवला तर तापमान ६० अंश सेल्सियसपर्यंत जाऊ शकते आणि भाजू लागले तरी हात बाहेर निघत नाही. २००७ मध्ये इंग्लंडमध्ये कलेच्या तासाला असे करणाऱ्या शाळकरी मुलीची बहुतेक बोटे कापावी लागली. त्वचेवर थेट प्लास्टर ओतू नका. मुलांना तर अजिबात करू देऊ नका.

लेटेक्स आणि गोंद

द्रव लेटेक्स रबराच्या चिकापासून बनते. फुगा फुगवल्यावर ओठ सुजत असतील, किंवा केळे, किवी, अ‍ॅव्होकॅडो खाल्ल्यावर तोंडाला खाज येत असेल, तर लेटेक्सची अ‍ॅलर्जी असू शकते. अशांनी घरी चाचणीसुद्धा करू नये. आधी डॉक्टरांना भेटावे आणि सिलिकॉनचे भाग वापरावेत.

स्पिरिट गममध्ये राळ असते. तिची अ‍ॅलर्जी उशिरा, कधी दोन-तीन दिवसांनी दिसते. म्हणून मेळाव्याच्या आदल्या रात्री केलेली चाचणी उपयोगाची नाही. आठवडाभर आधी हाताच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून पाहा. सुपरग्लू त्वचेसाठी नाही, कितीही घाई असली तरी.

काढताना ओढू नका, सालडे निघते. त्या गोंदाचा रिमूव्हर कडेने मुरू द्या, डोळ्यांपासून दूर ठेवा. भुवयांवर लेटेक्स लावायचे असल्यास आधी पेट्रोलियम जेलीचा थर द्या.

नुसती लाली आली तर साबणाने धुऊन थांबा. फोड, पू किंवा वाढती सूज दिसल्यास त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. भाजल्यास २० मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट किंवा हळद लावू नका. अंगभर गांधी, जीभ किंवा घसा सुजणे, धाप लागणे यांपैकी काहीही झाले तर वाट न पाहता १०८ ला फोन करा.