उसाच्या रानातली गाडी

नेवाशाची प्रवराकाठची काळी जमीन पावसात चाकं धरून ठेवते. इथं बैलगाडी चालते ती चाक, भार आणि बैल यांच्या जुळणीवर.

दख्खनच्या जुन्या गाड्या अवजड. चाकं दगडाची किंवा अखंड लाकडाची. 1830च्या दशकात ब्रिटिश अधिकारी लेफ्टनंट गेसफर्ड यांनी सोलापूरकडच्या टेंभुर्णीला आऱ्यांच्या चाकांच्या हलक्या गाड्या घडवून घेतल्या. पुढे गावोगावच्या सुतार-लोहारांनी ही विद्या जोपासली. चाकाची लोखंडी धाव लालबुंद तापवायची, चाकावर बसवून पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे तुंब्यात घट्ट.

मग ऊस आला. 1950 मध्ये लोणीला, नंतर नेवासा तालुक्यात भेंडे आणि सोनईला सहकारी कारखाने उभे राहिले. उसाच्या ओझ्यानं अरुंद धाव मातीत रुते. रुंद हवेचा टायर कमी रुततो, बेअरिंगनं ओढही हलकी होते. टायरगाडीनं लाकडी चाक मागे टाकलं.

पण चाक कोणतंही असो, खरं कसब उसाच्या मोळ्या रचण्यात. मागे भार झाला की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पुढे झाला तर सगळं ओझं बैलांच्या मानेवर. अनेक गाड्यांना अजून ब्रेक नाही. उतारावर भरल्या गाडीचा लोंढा बैलच अडवतात. इतक्या सुधारणांत एवढी राहून जावी, हा त्या मुक्या जिवांवर अन्यायच आहे.