श्रद्धासंवर्धन, मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतील (सोलापूर परिसर)

ख्रिस्ती घरात जन्मलेल्या किंवा नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्या माणसाची श्रद्धा जाणती व्हावी, ती वागण्यात उतरावी, यासाठी मंडळी करते ती नित्य व्यवस्था. रविवारची उपासना, संडे स्कूल, प्रश्नोत्तरावलीचे पाठांतर, स्थिरीकरणाचा वर्ग, घरोघरच्या प्रार्थनासभा, महिला मंडळ, तरुण संघ आणि मे महिन्याच्या सुटीतली व्हीबीएस (व्हेकेशन बायबल स्कूल) ही तिची परिचित अंगे. प्रत्येक पिढी एखादे अंग वाढवते, जुने मात्र कोणी बंद करत नाही. अखेर पाळक कार्यक्रमांच्या मागे धावतो आणि नवख्या सभासदाला सुरुवात कोठून करावी ते कळत नाही. म्हणून ही व्यवस्था सुटसुटीत करण्याचे प्रयत्न वारंवार झाले. सोलापूर आणि त्याच्याशी मिशनने व रेल्वेने जोडलेला अहमदनगर-पुणे टापू हे त्यांतील काही महत्त्वाच्या प्रयत्नांचे क्षेत्र होय.

असे प्रयत्न जुनेच आहेत. युरोपात मार्टिन ल्यूथरने १५२८ च्या सुमारास सॅक्सनीतील खेडोपाडीच्या मंडळ्या पाहिल्या आणि तेथील अज्ञान पाहून १५२९ मध्ये घरात बापाने मुलांना शिकवावी अशी छोटी प्रश्नोत्तरावली लिहिली. मराठीत श्रद्धा सोपी करून शिकवण्याचा हा प्रश्न फादर थॉमस स्टीफन्स यांना गोव्यात पडला. त्यांच्या ख्रिस्तपुराणाच्या (१६१६) आरंभीच एक नवख्रिस्ती अशी अडचण मांडतो की, जुनी पुराणे सोडायला सांगितलीत, तर त्यांच्या जागी वाचायला काय द्याल? स्टीफन्स यांचे उत्तर म्हणजे सुमारे अकरा हजार ओव्यांचा ग्रंथ. अकरा हजार ओव्यांना सुलभीकरण म्हणणे विचित्र वाटेल. पण ऐकणाऱ्याला ओवी सवयीची होती आणि प्रश्नोत्तरे परकी, हे त्यांनी नेमके हेरले.

सोलापूर परिसरातील प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा मुख्य वारसा अमेरिकन मराठी मिशनचा आहे. हे मिशन १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला (आताचे अहिल्यानगर) त्याचे ठाणे झाले आणि १८६० च्या दशकात सोलापूरला. त्याआधी, १८५४-५५ मध्ये, या मिशनची पालक संस्था असलेल्या अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन यांनी भारतातील कामाची पाहणी केली. मिशनऱ्यांचा वेळ इंग्रजी शाळांत आणि मोठ्या संस्थांत जातो आणि मंडळी वाढत नाही, हा त्यांचा निष्कर्ष. शिक्षण देशी भाषेत असावे, खेड्यात मंडळी उभी करावी आणि ती देशी पाळकाच्या हाती द्यावी, असे त्यांचे सोपे सूत्र होते. १८५४ मध्येच हरिपंत खिस्ती आणि रामकृष्ण विनायक मोडक यांना अहमदनगरच्या मंडळ्यांचे पाळक म्हणून दीक्षा मिळाली. अँडरसन यांचे निदान बरोबर होते, पण किंमत दुसऱ्यांनी मोजली. इंग्रजी शिक्षणातून नोकरीची वाट शोधणाऱ्या घरांना हे धोरण मुळीच रुचले नाही आणि पुढे मिशनला शाळांकडे वळावेच लागले.

सोलापुरातील काम दोन पायांवर उभे राहिले. एका बाजूला मुले होती. वोरोनोको ही मुलींची वसतिशाळा आणि मिस मेरी हार्डिंग यांची बालवाडी या त्या काळच्या ठळक संस्था. या बालवाडीतल्या, जर्मन शिक्षणतज्ज्ञ फ्रोबेलच्या पद्धतीत गाणी, खेळ आणि हातकाम यांना स्थान असल्याने बायबलातील गोष्ट मुलाला पुस्तकाआधी गाण्यातून भेटे. दुसऱ्या बाजूला प्रौढ होते, आणि ते काम अधिक अवघड. गावात मराठीबरोबर कानडी आणि तेलुगू घराघरांत चाले; १८७७ च्या जुन्या गिरणीपासून वाढत गेलेल्या गिरण्यांचे भोंगे लोकांचा दिवस ठरवीत; १८७६-७८ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनी मोडलेली कुटुंबे मिशनच्या आसऱ्याला येत. ज्याला अक्षरओळख नाही आणि ज्याची पाळी बदलत राहते त्याला आठवड्याचा ठरलेला वर्ग कसा मानवणार? त्याच्यासाठी बायबल-बाई (मिशनची प्रचारिका) घरी जाई, वचन ऐकवी आणि ते पाठ करून घेई. पाठांतराला आज नावे ठेवली जातात, पण निरक्षर माणसाजवळ पाठ असलेले वचन हेच त्याचे पुस्तक होते.

खरी वाट सापडली ती कीर्तनात. अहमदनगरच्या कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी टाळ-मृदंगासह ख्रिस्ती कीर्तन रुजवले. त्याला वेगळी इमारत लागत नाही, वर्गवारी लागत नाही. आजी, सून आणि नातू एकाच सतरंजीवर बसतात आणि श्रोता निरूपण विसरला तरी पद गुणगुणत घरी जातो. सुरुवातीला या वाद्यांवर व चालींवर नाक मुरडणारेही होते. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांनी हा धागा पुढे नेला. १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी भजने आणि अभंग मंडळीच्या तोंडी बसवले. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य त्यात बसावेत ही त्यामागची कल्पना. सभासदत्वाची यादी बाजूला ठेवून शिष्यत्व हीच एक कसोटी मानण्याइतके धाडस मराठी ख्रिस्ती समाजात दुसऱ्या कोणी दाखवलेले नाही. टिळक दोन वर्षांत गेले आणि दरबार फार टिकला नाही.

पुणे-सोलापूर लोहमार्गावरील केडगावी पंडिता रमाबाईंनी वेगळे टोक धरले. शास्त्री-पंडितांच्या मराठीत अडकलेले बायबल आपल्या मुक्ती सदनातील खेडवळ बायकांना कळत नाही, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचे साध्या मराठीत भाषांतर केले. १९२२ मध्ये मृत्यूच्या थोडेच आधी काम पुरे झाले. छपाई मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्या स्त्रियांच्या हातून झाली. मंडळ्यांत मात्र बायबल सोसायटीचीच आवृत्ती चालू राहिली. पुढे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार (२०१३) मिळाला आणि तो ग्रंथ ख्रिस्तेतर वाचकांपर्यंतही गेला.

२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. सहा संप्रदाय एकत्र आल्याने शिशु-बाप्तिस्मा आणि प्रौढ-बाप्तिस्मा दोन्ही मान्य झाले. त्यामुळे स्थिरीकरणाच्या वर्गाचे महत्त्व वाढले, कारण लहानपणी बाप्तिस्मा झालेला मुलगा स्वतःच्या तोंडाने श्रद्धा कबूल करतो तो इथेच. अलीकडे थॉम रेनर व एरिक गायगर यांच्या ‘सिंपल चर्च’ (२००६) या अमेरिकन पुस्तकाने सुलभीकरणाची नवी भाषा दिली आहे. तिचे सार असे की सभासद एका पायरीवरून दुसरीवर कसा जाईल हे स्पष्ट ठरवावे, त्या वाटेत न बसणारे उपक्रम बंद करावेत. सल्ला उपयुक्त आहे. मात्र अमेरिकेत माणूस आपली मंडळी निवडतो, इथे ती पुष्कळदा घराण्याबरोबर येते. पायऱ्यांचा नकाशा त्यामुळे जसाच्या तसा बसत नाही. मराठी मंडळ्यांत पिढ्यांना बांधून ठेवणारे सर्वांत सोपे साधन अजूनही पदच आहे, आणि ‘उपासना संगीत’ या त्यांच्या गीतसंग्रहात सर्वाधिक पदे टिळकांची आहेत.