आगोटीची बेगमी

हिवाळी वादळांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांपुढे हिमालय उभा राहतो. रोहतांगची खिंड बर्फाने बुजली की पलीकडचे लाहौलचे खोरे कित्येक महिने जगापासून तुटत असे. 2020 साली बोगदा खुला होईपर्यंत हा दरवर्षीचाच क्रम होता. म्हणून तेथील माणूस धान्य, सरपण आणि गुरांची वैरण बर्फापूर्वीच घरात भरून ठेवी. आपल्या सह्याद्रीत बर्फ पडत नाही. परंतु डोंगर आणि खोरे यांची ताटातूट करणारा ऋतू आपल्याकडेही आहे. तो मृगाबरोबर येतो. त्याच्या तोंडावरच्या दिवसांना आपले लोक आगोट म्हणत, आणि आगोटीची बेगमी हा घराघरातला नेम होता.

आपले मोहने उल्हास नदीकाठी वसले आहे. ही नदी राजमाचीच्या डोंगरांत उगम पावते आणि कर्जत, नेरळ, बदलापूर करीत आपल्यापाशी येते. तिकडे टिटवाळ्यावरून काळू येते. खाली कल्याणपर्यंत खाडीची भरती चढते. घाटमाथ्यावर मुसळधार पाऊस आणि खाडीला उधाण, असा योग आला की मधल्या पाण्याने जावे कोठे? मोहन्यात एक थेंब न पडताही मोहन्यात पूर येऊ शकतो, तो यामुळे.

पूर्वीच्या राज्यकर्त्यांनी या ऋतूचा विचार कसा केला होता, ते पाहण्यासारखे आहे. राज्याभिषेकाच्या थोडे आधी, ऐन उन्हाळ्यात, शिवाजीमहाराजांनी चिपळूणच्या छावणीतील आपल्या अंमलदारांना एक पत्र धाडले. त्यात लढाईचा विषय नाही. विषय आहे दाणा-वैरणीचा. पावसाळ्यासाठी साठविलेले आताच उधळाल, तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमच्या माथी बसेल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिराल, आणि रयतेला तुमच्यापेक्षा मोगल बरे वाटतील, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजीजवळ चूल पेटवू नका, दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल, एवढ्या बारकाव्यापर्यंत ते पत्र जाते.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 1715 सालच्या आज्ञापत्रातही हीच दृष्टी आहे. तटावर रुजलेली झाडे वेळोवेळी तोडावीत. पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण लावावे. तोफेच्या बत्तीच्या छिद्रात पाणी शिरू नये म्हणून ते मेणाने बंद करावे. आरमार पाऊस लागण्याच्या आधीच सुरक्षित जागी छावणीस न्यावे. 1657 साली कल्याण घेतल्यावर जेथे महाराजांनी जहाजे बांधावयास घेतली, त्या आपल्या खाडीच्या लोकांना या शेवटच्या आज्ञेचे मर्म सांगावयास नको.

जे गडावर, तेच झोपडीत. वैशाखात शेतकरी राब भाजी, छपरावर नवा पेंढा घाली, कौले चाळी. बायका मीठ, कांदे, सुके बोंबील आणि पापड यांची सोय लावीत. लाकूडफाटा आणि गोवऱ्या कोरड्या जागी रचल्या जात. इरली विणून तयार असत. यांतले एकही काम पाऊस सुरू झाल्यावर करता येत नाही, हे सर्वांना ठाऊक असे.

या सर्व उदाहरणांत आम्हास एक समान सूत्र दिसते. कोणते काम, कोणी, केव्हाच्या आत करावयाचे, हे आधीच ठरलेले असे. शौर्याची वेळ येऊ नये, अशीच ती व्यवस्था होती.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला, आणि उल्हासच्या काठची गावेही पाण्याखाली गेली. 27 जुलै 2019 रोजी याच नदीच्या पुरात वांगणी आणि बदलापूर यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली; सुमारे 1,050 प्रवाशांना होड्यांतून बाहेर काढावे लागले. सुटका करणाऱ्यांचे आणि मदतीला धावलेल्या गावकऱ्यांचे कौतुक सर्वांनी केले, ते योग्यच होते. परंतु होडी आल्यावर सुटलेला माणूस आणि होडीची गरजच न पडलेला माणूस, यांत दुसरा अधिक भाग्यवान.

आज आपली घरे पक्की आहेत, धान्य वाण्याकडे बारमाही मिळते, हवामानाचा अंदाज हातातल्या यंत्रावर येतो. त्यामुळे आगोट हा शब्द मात्र विस्मरणात चालला आहे. नाला वेळेत उपसला गेला काय? नदीकाठच्या चाळीतली म्हातारी माणसे रात्री कोणी हलवायची? शाळेची किल्ली कोणापाशी असते? आळीआळीत या प्रश्नांची उत्तरे वैशाखातच मिळाली पाहिजेत. वसंतात आपण व्याख्याने ऐकावयास जमतो, तेव्हा पाऊस महिन्या-दीड महिन्यावर आलेला असतो. आपल्या पूर्वजांच्या हिशेबाने कामाला लागण्याचे दिवस नेमके हेच होत.