सम्यक स्मृती आणि डिझाइन : काम करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर

आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुले-मुली आज डिझाइनच्या कामात आहेत. कोणी फ्लेक्सच्या दुकानात संगणकावर बसते, कोणी आयटी कंपनीत ॲपचे स्क्रीन आखते, कोणी आर्किटेक्टकडे ड्रॉइंग काढते. ज्यांचा हा व्यवसाय नाही तेही जयंतीचा बॅनर, कार्यक्रमाची पत्रिका, विहाराच्या भिंतीवरचा फलक कसा असावा हे ठरवतातच. या कामात 'माइंडफुलनेस' आणा, असे आता ऑफिसांतही सांगितले जाते. हा शब्द मुळात आपल्या घरचा आहे. म्हणून तो नेमका काय सांगतो आणि रोजच्या कामात कसा उतरवायचा, याची मांडणी आम्ही इथे करत आहोत.

स्मृती म्हणजे नुसती शांतता नव्हे

पालीतील 'सति' म्हणजे स्मृती, आठवण असणे, भान असणे. 1881 साली ऱ्हिस डेव्हिड्स यांनी सुत्तांच्या भाषांतरात त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा शब्द वापरला आणि पुढे तोच रूढ झाला. 1979 मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. तिथून हा शब्द रुग्णालयांत, मग कंपन्यांत, मग मोबाइलमध्ये गेला. त्याने अनेकांचे दुखणे हलके झाले, हे मान्य करायला हवे. पण या प्रवासात एक गोष्ट गळून पडली. आर्य अष्टांगिक मार्गात सम्यक स्मृती सातवी येते. तिच्याआधी सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त आणि सम्यक आजीविका आहेत. आपण काय बोलतो, काय करतो, पोट कशावर भरतो हे प्रश्न बाजूला ठेवून केलेली एकाग्रता म्हणजे सम्यक स्मृती नव्हे. नेम धरलेल्या शिकाऱ्याचेही लक्ष एकाग्र असतेच. म्हणून तर पाली ग्रंथांत 'मिच्छा सति' असाही शब्द आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी सम्यक स्मृतीचा अर्थ सांगताना मनाच्या सततच्या जागेपणावर आणि विकारांवरच्या पहाऱ्यावर भर दिला आहे.

(जाता जाता : 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जी जाळली गेली तीही 'स्मृती'च होती. शब्द एक असला तरी त्या स्मृतीचा आपल्या स्मृतीशी काही संबंध नाही.)

आखलेल्या वस्तूत माणूस आखलेला असतो

डिझाइन म्हणजे सुंदर दिसणे, असा समज आहे. पण गावकुसाबाहेरची वस्ती, वेगळा पाणवठा, हॉटेलात बाजूला ठेवलेला वेगळा कप, हेही कोणीतरी आखलेलेच होते. टोपलीचा संडास हे तर याचे सर्वांत क्रूर उदाहरण. रोज कोणीतरी हाताने मैला उचलणार, हे त्या बांधकामातच गृहीत धरलेले होते, आणि ते 'कोणीतरी' म्हणजे कोण हे जातीने आधीच ठरवून ठेवले होते. असे संडास बांधण्यावर आणि ते साफ करायला माणसे ठेवण्यावर बंदी घालणारा कायदा 1993 मध्ये आला. 2013 मध्ये तो अधिक कडक व व्यापक झाला. तरीही गटारात उतरून माणसे आज मरतातच. रेल्वेच्या डब्यांतला मैला कित्येक दशके थेट रुळांवर पडत होता. तो उचलायचा कोणी, हा प्रश्न डबा आखणाऱ्याला पडला नाही, कारण उत्तर त्याच्या घरातले नव्हते. पुढे डब्यांना जैव-शौचालये बसवली गेली. म्हणजे रचना बदलता येत होती.

आता मोबाइलकडे पाहा. खाली सरकवत राहिले तरी न संपणारे पान 2006 मध्ये अझा रस्किन यांनी तयार केले. लोकांचा किती वेळ त्यात जातो हे पाहून त्यांनी पुढे त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. भारतात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर 2023 मध्ये 'डार्क पॅटर्न'विरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि फसव्या रचनेचे 13 प्रकार सांगितले. 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणे, न विचारता टोपलीत वस्तू टाकणे, वर्गणी भरायला एक बटण पण बंद करायला दहा पायऱ्या ठेवणे, हे सगळे त्यात येते.

प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यास केलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. स्पर्शातून वेदना, वेदनेतून तृष्णा. लाल ठिपका दिसतो, मनात चुटपुट लागते आणि बोट आपोआप पुढे जाते. वेदना आणि तृष्णा यांच्या मधल्या फटीत स्मृती उभी राहू शकते. या रचना तीच फट बुजवण्यासाठी केलेल्या असतात. म्हणून 'वापरणाऱ्याने संयम ठेवावा' एवढे सांगून भागत नाही. रचना करणाऱ्याचाही त्यात वाटा आहे.

इथे आपल्या तरुणांपुढे खरी अडचण उभी राहते. घरातला पहिला पगारदार, डोक्यावर कर्ज आणि वरिष्ठ सांगतो की रद्द करण्याचे बटण फिकट कर. नोकरी सोड, असा उपदेश आम्ही करणार नाही. उपदेश करणाऱ्याला हप्ता भरायचा नसतो. पण बैठकीत 'हे मार्गदर्शक तत्त्वांच्या विरुद्ध जाते, कंपनी अडचणीत येईल' असे बोलता येते. तेच ई-मेलवर लिहून ठेवता येते. 'सामील व्हायला जितक्या पायऱ्या, बाहेर पडायला तितक्याच' असा पर्याय सोबत आखून देता येतो. दर वेळी ऐकले जाईल असे नाही, पण काही वेळा ऐकले जाते.

राहुलाला दिलेला आरसा

कामाची पद्धत म्हणून आम्हाला सर्वांत उपयोगी वाटते ते मज्झिम निकायातले अम्बलट्ठिका राहुलोवाद सुत्त. आरसा कशासाठी असतो, असे तथागत राहुलाला विचारतात. पाहण्यासाठी, असे तो सांगतो. तसेच प्रत्येक कृती करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर पाहावी : यातून मला, दुसऱ्याला किंवा दोघांना दुःख होते का? सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात जे सात धम्मपाठ भिक्षू-भिक्षुणींनी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे कोरून ठेवले, त्यांत राहुलाला केलेला असत्याविषयीचा उपदेश आहे.

6 डिसेंबरच्या एका फलकावर ही पद्धत लावून पाहू. करण्यापूर्वी : हा वाचणार कोण? रात्रभर प्रवास करून दादरला उतरलेली, हातात पिशवी आणि कडेवर नातू असलेली आजी. तिला पाणी कुठे, शौचालय कुठे, परतीची गाडी कुठून, हे हवे आहे. आपल्या फलकावर बहुधा काय असते? मंडळाच्या पदाधिकाऱ्यांचे वीस फोटो आणि तळाला मुंगीएवढ्या अक्षरात माहिती. फोटो लावू नयेत असे नाही, पण ज्याच्यासाठी फलक त्याचा क्रम पहिला.

करताना : मजकूर साध्या कागदावर छापून भिंतीला लावा आणि पंधरा पावले मागे जा. निळ्यावर पांढरे उठून दिसते, निळ्यावर लाल डोळ्यांना त्रास देते. पडद्यावरच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांतला फरक किमान 4.5:1 असावा, असे वेबसाठीचे आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकष सांगतात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असतात, म्हणून दोन ओळींत इंग्रजीपेक्षा जास्त जागा सोडा. निमंत्रण नुसते चित्र म्हणून पाठवू नका, सोबत युनिकोडमध्ये मजकूर टाका. अंध बांधवांचा मोबाइल तो वाचून दाखवतो. आणि छापण्याआधी सावकाश वाचणाऱ्या एखाद्या मावशींना दाखवा. त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदला.

केल्यानंतर : 7 तारखेला तो फ्लेक्स कुठे गेला? बहुतेक फ्लेक्स पीव्हीसीचे असतात आणि ते कुजत नाहीत. याबाबतीत विनयपिटकातला आनंद आपला गुरू ठरावा. कौशांबीच्या उदयन राजाने त्याला विचारले, इतकी पाचशे चीवरे घेऊन करणार काय? ज्यांची फाटली आहेत त्या भिक्षूंना देऊ. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे व गादीच्या खोळी होतील, खोळी जुन्या झाल्या की जमिनीवरच्या अंथऱ्या, मग पायपुसणी, मग झाडायची फडकी, आणि शेवटी ती कुटून चिखलात मिसळून जमीन लिंपू. चीवराचा आकारही आनंदानेच आखला होता. मगधातल्या भातखाचरांचे बांध पाहून तथागतांनी तसे जमेल का विचारले, आणि त्याने तुकडे जोडून ते केले. कापलेल्या कापडाचा चोराला मोह होत नाही, हाही त्यातला विचार. साल न लिहिलेला कापडी बॅनर दहा जयंत्या चालतो, तेही याच हिशेबाने.

विहारात आणि घरात

मोठे बदल ठरावात राहतात, छोटे टिकतात. वर्षावासात ग्रंथवाचन सुरू ठेवायचे असेल तर ग्रंथ कपाटात कुलूपबंद नको, हाताच्या उंचीवर उघडा हवा. मोबाइलच्या सूचना बंद करून तो रात्री दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावला, की सकाळची पहिली पंधरा मिनिटे आनापानाला मिळतात. ज्यांना गुडघेदुखीमुळे खाली बसता येत नाही, त्यांच्यासाठी विहारात भिंतीलगत चार खुर्च्या आधीच मांडलेल्या असाव्यात, म्हणजे त्यांना मागावी लागत नाही. दाराला पायऱ्या असतील तर उतार करताना 1 फूट उंचीला 12 फूट लांबी धरा, नाहीतर चाकाची खुर्ची वर जात नाही. लहान मुलांचा हात नळापर्यंत पोहोचतो का, महिलांच्या शौचालयाला आतून कडी आहे का, हे पाहायला कार्यकारिणीला वेगळी सभा लागत नाही. रविवारच्या वंदनेनंतर मोजपट्टी घेऊन दहा मिनिटे विहारात फिरावे, सोबत एक आजी आणि एक शाळकरी मूल घ्यावे, आणि ती जे सांगतील ते वहीत लिहून घ्यावे.