पांझरेकाठचे फड

सह्याद्रीच्या फाट्यांत उगम पावून साक्री तालुक्यातून पूर्वेकडे वाहत येणारी आणि धुळे शहर मागे टाकल्यावर उत्तरेकडे वळून तापीस मिळणारी पांझरा ही काही मोठी नदी नव्हे. पावसाळ्यात गढूळ लोंढा, हिवाळ्यात नितळ प्रवाह आणि उन्हाळ्यात खडकांमधून वाट काढणारी क्षीण धार, हा तिचा क्रम खानदेशातील कोणत्याही नदीचा असतो तसाच आहे. परंतु हिच्या काठी, तसेच बागलाणाकडील मोसम व आरम या नद्यांच्या काठी, सुमारे तीनचारशे वर्षांपासून पाणीवाटपाची जी व्यवस्था नांदत आली, तिच्याइतकी न्यायबुद्धीने रचलेली व्यवस्था आपल्या ग्रामजीवनाच्या इतिहासात क्वचितच आढळेल. फडपद्धती या नावाने ती ओळखली जाते.

नदीपात्रात जेथे भक्कम कातळ उघडा पडला असेल अशी जागा हेरून तेथे दगडचुन्याचा ठेंगणा बंधारा बांधावयाचा, त्याच्या एका अंगाने कालवा काढून तो उताराच्या बेताने कोस दोन कोस, प्रसंगी त्याहूनही दूर न्यावयाचा, कालव्यातून चाऱ्या फोडावयाच्या आणि अधिक झालेले पाणी सांडमांवाटे परत नदीकडे लावून द्यावयाचे, अशी ही रचना आहे. या बंधाऱ्यांचे काम पाणी साठविण्याचे नव्हे, केवळ वळविण्याचे. म्हणून येथील शेतकऱ्याला गतवर्षाच्या शिलकेवर विसंबता येत नसे. नदीत आज जेवढे पाणी तेवढीच त्याची दौलत.

कालव्याखालची सारी बागायत बहुधा चार फडांत विभागलेली असे आणि एका फडात एकच पीक घेण्याचा दंडक असे. एखाद्या फडात ऊस, दुसऱ्यात गहू किंवा भात, तिसऱ्यात आणखी एखादे हंगामी पीक. आणि कोणता फड भिजवावयाचा व कोणता कोरडा ठेवावयाचा याचा निर्णय बागायतदारांनी एकत्र बसून दरसाल घ्यावयाचा. पाऊस ओढ देईल त्या वर्षी एक फड, प्रसंगी दोन फड पाण्यावाचून सोडले जात. आता हा निर्णय ज्यांची जमीन त्याच फडात असेल त्यांच्या मुळावर आला असता, आणि मग बैठकीत मोठ्या वतनदाराचा शब्द खरा ठरून गरिबाचे शेत वाळले असते. तसे होऊ नये याची तजवीज जमिनीच्या मांडणीतच होती. सामान्यतः प्रत्येक खातेदाराची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे, त्यामुळे जो फड बंद होई त्यात सर्वांचेच नुकसान होई आणि जो चालू राही त्यात सर्वांचाच घास असे. टंचाई माणसामाणसांत भांडणाने वाटली जाण्याऐवजी क्षेत्र आखडून समप्रमाणात वाटली जावी, ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली त्याचे नाव इतिहासाला ठाऊक नाही, याचे मला नेहमी वाईट वाटते.

आपल्या शेतात पाणी आपणच घ्यावयाचे नाही, हा या पद्धतीतील दुसरा मार्मिक नियम. दारे धरण्याचे काम पाटकऱ्याचे. फावड्याने चारीचा काठ फोडावा, वाफा शेवटपर्यंत भरला की तोच चिखल लोटून दार बुजवावे आणि पुढच्या शेताकडे वळावे. शेत कोणाचे, हे त्याने पाहावयाचे नाही. त्याच्या जोडीला राखण करणारे जागल्ये आणि देखरेखीस हवालदार असत. या सर्वांचा मोबदला बागायतदारांकडून धान्यरूपाने मिळे, त्यामुळे पीक साधणे हे त्यांच्याही हिताचे असे. कालव्यातील गाळ काढणे व बंधाऱ्याची डागडुजी करणे यांसाठी मात्र बागायतदारांनाच आपापल्या वाट्याचे श्रम द्यावे लागत.

एकाच नदीवर असे अनेक बंधारे एकाखाली एक असल्यामुळे वरच्या गावाची बागायत आणि खालच्या गावाची तहान यांचा संबंध अटळ होता. वरच्याने वाजवीपेक्षा अधिक ओढले तर खालचा कालवा सुकणार. उलट वरच्या बंधाऱ्यातून झिरपलेले आणि सांडमांतून परतलेले पाणी खालच्या बंधाऱ्याला पुन्हा उपयोगी पडणार. म्हणून सांडम वाहता ठेवणे हे शेजारधर्माचेच काम होते.

1802 पासूनच्या धामधुमीत आणि पाठोपाठच्या दुष्काळात खानदेश उजाड झाला. 1818 साली हा मुलूख इंग्रजांकडे जाऊन कॅप्टन ब्रिग्ज यांनी धुळ्यास ठाणे केले, तेव्हा अनेक गावांतून बंधाऱ्यांचे केवळ भग्नावशेष उरले होते. पुढे जमाबंदीत या जमिनी पाटस्थळ म्हणून नोंदल्या गेल्या, 1879 साली मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा आला, तरी फडाचा आतला कारभार पुष्कळ ठिकाणी गावकऱ्यांच्याच हाती राहिला. खरा पेच नंतरचा आहे. 1947 च्या कायद्याने जमिनीचे तुकडे पाडण्यास प्रतिबंध करून एकत्रीकरणाचे धोरण स्वीकारले. अन्यत्र ते हिताचे असेलही, परंतु फडांत विखुरलेले तुकडे हेच येथे दुष्काळातील रक्षण होते, ही गोष्ट त्या धोरणात बसणारी नव्हती. त्यानंतर विहिरींवर इंजिने व विजेचे पंप आले, ज्याला पंप परवडला त्याला बैठकीतील निर्णय पाळण्याची निकड उरली नाही; आणि लाटीपाडा येथे पांझरेवर व मालनगाव येथे कान नदीवर धरणे झाल्यावर नदीचा प्रवाह सरकारी दरवाजांच्या स्वाधीन झाला. तरीही काही गावांतून बंधारे आणि कालवे अद्याप चालू आहेत, आणि तेथे पाटकरी अजून दारे धरतो.